नऊ किलोमीटरवर एक मिल

आमच्या घरातली फौज म्हणजे पायदळ. आजोबा, थोरले चुलते, वडील, सगळे मराठा लाइट इन्फंट्रीचे, सगळ्यांचं ट्रेनिंग बेळगावचं. साताऱ्याकडच्या गावांत यात नवल नाही. त्याच जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या नावाला लोक ‘मिलिटरी’ जोडूनच पत्ता सांगतात. त्यामुळे भरतीत माझं नाव तोफखान्याच्या यादीत लागलं आणि मला नाशिक रोडला जायचं होतं, तेव्हा आईने पेढे वाटले, पण वडील, म्हणजे आबा, गप्प राहिले. पोरगा पलटणीत गेला नाही याचं वाईट वाटलं असेल, अशी मी समजूत करून घेतली.

खरं कारण दोन वर्षांनी कळलं. मी टी.ए. झालो होतो, म्हणजे टेक्निकल असिस्टंट. तोफ ओढणारा नाही, गोळा भरणारा नाही. तोफेची नळी कुठे वळवायची आणि किती उचलायची, तो आकडा काढणारा. सुट्टीवर आलो तेव्हा आबांनी विचारलं, “तुझं काम काय नेमकं?” मी सांगितलं. ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, “एकाहत्तरला आम्ही पूर्वेकडं हुतो. पहाटं पुढं सरकायचं हुतं. मागनं आपलाच तोफखाना. एक गोळा कमी पडला, आमच्यावरच आला. आमच्या सेक्शनमधली दोघं गेली. कुणाची चूक, कुणी इचारलं न्हाई, लढाईत कोण इचारतंय. पर तो आकडा कुणीतरी काढला आसंल का न्हाई?”

त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मला मात्र तो प्रश्न पुढे कामाला बसलो की दरवेळी ऐकू यायचा.

वाचणाऱ्यांपैकी बरेच जण फौजेतले नसतील, म्हणून रचना थोडक्यात सांगतो. पायदळात जिला पलटण म्हणतात, तिच्या तोलाची आमच्याकडे रेजिमेंट असते. फील्ड रेजिमेंटमध्ये तीन बॅटऱ्या, एका बॅटरीत सहा तोफा. लढाईत एक बॅटरी एका पलटणीच्या दिमतीला दिली जाते. आमचा बॅटरी कमांडर मग आमच्यात राहतच नाही. तो पलटणीच्या सी.ओ. (कमांडिंग ऑफिसर) साहेबांच्या शेजारी असतो. आमचे ओ.पी. ऑफिसर, म्हणजे निरीक्षण करणारे, कंपन्यांबरोबर रायफलवाल्यांच्या मागोमाग डोंगर चढतात. त्यांच्या पाठीशी रेडिओवाला. तोफा मागे, नऊ-दहा किलोमीटरवर. तोफेवरच्या माणसाला शत्रू दिसत नाही, आपली माणसंही दिसत नाहीत. दोघांमध्ये फक्त रेडिओवरचा आवाज आणि कमांड पोस्टमध्ये बसलेल्या टी.ए.ची पेन्सिल.

आमच्याकडे वर्तुळाचे ३६० अंश करत नाहीत, ६४०० मिल करतात. एका किलोमीटरवर एक मिल म्हणजे साधारण एक मीटर. नऊ किलोमीटरवर एक मिल चुकलं की गोळा नऊ मीटर बाजूला. हे नाशिक रोडला पहिल्या आठवड्यात शिकवतात आणि सगळ्यांना पाठ असतं. देवळालीच्या रेंजवर आम्ही कितीतरी वेळा ते करून पाहिलं. मोकळं माळरान, ऊन, दूरवर चुन्याने रंगवलेलं लक्ष्य. चुकलं तर धूळ उडायची आणि उस्ताद शिक्षा द्यायचे. रविवारी मुक्तिधाम मंदिरात जाऊन यायचं, सोमवारी पुन्हा बोर्डावर.

१९९९ च्या मे महिन्यात आमची रेजिमेंट काश्मीर खोऱ्यात होती. महिनाअखेर हुकूम आला आणि आम्ही सोनमर्ग सोडून झोजिलाकडे निघालो. घाटाच्या पलीकडे दिवे लावायचे नाहीत, असा हुकूम होता. श्रीनगर-लेह रस्ता वरच्या शिखरांवरून दिसायचा. तिथे बसलेले लोक रस्त्यावर तोफांचा मारा करवत होते. कारगिलच्या दारूगोळ्याच्या साठ्यावर गोळे पडल्याची बातमी आम्ही मेच्या सुरुवातीलाच ऐकली होती. शक्तिमान गाड्यांच्या मागे तोफा जोडलेल्या, ड्रायव्हरच्या पुढे एक माणूस पांढरं फडकं पाठीला बांधून चालतोय आणि ड्रायव्हर त्या फडक्याच्या मागे गाडी नेतोय. मटायन, पांद्रास, मग द्रास. गावं रिकामी. एका घराच्या ओट्यावर चपलांचा जोड तसाच राहिलेला मला आठवतो.

द्रास सव्वातीन हजार मीटरवर आहे. नियमाप्रमाणे अशा उंचीवर शरीराला सवय होण्यासाठी सहा दिवस द्यायचे असतात. आम्हाला तेवढे मिळाले नाहीत. पहिल्या रात्री पेटी उचलताना तोफेवरची धडधाकट पोरं दर दहा पावलांवर थांबत होती. आमची तोफ १०५ मिलिमीटरची, इंडियन फील्ड गन. गोळा पंधरा-सोळा किलोचा. देवळालीत तोच गोळा एका हातात नाचवणारे गडी इथे गुडघ्यावर बसून श्वास घेत होते.

जागेचा प्रश्न वेगळाच. तोफेला सपाट जमीन लागते आणि तिथे सपाट म्हणावी तर नदीकाठची गोटेरी पट्टी तेवढी. सगळ्या रेजिमेंटा तीच शोधत होत्या. मागे बोफोर्सवाले, बाजूला आम्ही, पलीकडे आणखी कुणी. ट्रेलचा, म्हणजे तोफेच्या मागच्या दांड्याचा, पाय गोट्यांत रुतत नव्हता. फायर झाला की तोफ मागे घसरायची आणि पुन्हा नेम लावावा लागायचा. तोफेच्या पोरांनी रात्रभर खणून खाली वाळूची पोती भरली. त्या कामाचा उल्लेख कुठे येत नाही, म्हणून इथे मुद्दाम करतो.

मग आमचं खरं शिक्षण सुरू झालं. देवळालीत जे पाठ केलं होतं, त्यातलं अर्धं तिथे चालेना. रेंज टेबल नावाचं आमचं पुस्तक असतं: इतकं अंतर, इतका चार्ज (गोळ्यामागची दारू), नळीची इतकी उंची. द्रासच्या उंचीवर हवा विरळ. हवेचा अडथळा कमी, म्हणून गोळा टेबलापेक्षा लांब जातो. किती लांब, ते प्रत्येक वेळी गणित करूनच काढावं लागतं, आणि त्या गणितात वारा, हवेचा दाब, तापमान सगळं येतं. खोऱ्यात वारा एकीकडे, धारेच्या वर दुसरीकडे. पहिल्या दिवशी रजिस्ट्रेशन करताना, म्हणजे एकेक गोळा टाकून लक्ष्यावर नेम बसवताना, ओ.पी. साहेबांनी तीन वेळा सांगितलं, “नॉट सीन.” गोळा गेला, फुटला, पण दिसलाच नाही. तो धारेवरून पलीकडच्या दरीत जात होता.

डोंगरातली अडचण इथेच आहे आणि ती मला नीट सांगायची आहे. सपाटीवर गोळा पन्नास मीटर पुढे पडला तर पन्नास मीटरच पुढे पडतो. अरुंद धारेवर पन्नास मीटर पुढे म्हणजे धार ओलांडून खाली शेकडो मीटर. शत्रूला कळतही नाही. आणि पन्नास मीटर कमी म्हणजे धारेच्या अलीकडच्या उतारावर. त्या उतारावर आपली पलटण असते. कारण चढाई आपल्याच बाजूने चाललेली, आणि आमचा प्रत्येक गोळा त्यांच्या डोक्यावरून जाणारा. चूक व्हायचीच असेल तर ती पुढच्या बाजूला व्हावी, मागच्या बाजूला नको, असं मनात येतं. पण तसा हातचा राखून आकडा काढला तर बंकरमधला शत्रू शाबूत राहतो आणि वर पोचलेल्या पोरांवर मशीनगन चालते. म्हणजे दोन्ही बाजूंनी जीव आपलेच.

आणखी एक गोष्ट, जी पुस्तकात एका ओळीत होती आणि तिथे रोज संध्याकाळी अंगावर यायची. चार्जचं तापमान. दारू थंड झाली की जरा मंद जळते आणि गोळा कमी पडतो. दिवसा उन्हात तापलेल्या पेट्या आणि रात्री अकराचा हल्ला यांत मोठा फरक. जूनमध्येही द्रासची रात्र गोठवते. दिवसा अचूक बसवलेला नेम रात्री तसाच वापरला तर गोळा आपल्या पोरांकडे सरकतो. मी पेट्यांमध्ये थर्मामीटर ठेवून दर तासाला आकडा टिपत असे. सहा नंबरच्या तोफेचा हवालदार मला म्हणाला, “पंडितजी पूजा करायला आले.” तो चेष्टा करत नव्हता, पेट्यांवर ब्लँकेट घालून ठेवायला त्यानेच सुरुवात केली.

तोलोलिंगच्या हल्ल्याचा फायर प्लॅन १२ जूनला आमच्याकडे आला. त्या डोंगरासाठी त्याआधी तीन आठवडे माणसं जात होती. फायर प्लॅन म्हणजे वेळापत्रक: हल्ल्याच्या ठरलेल्या वेळेला एच अवर म्हणायचं, त्याच्या आधी इतकी मिनिटं या लक्ष्यावर, नंतर इतकी मिनिटं त्या लक्ष्यावर, मिनिटाला इतके गोळे, आणि पायदळ जवळ पोचलं की मारा उचलून पुढे न्यायचा. त्यावरून प्रत्येक तोफेचा वेगळा गन प्रोग्राम लिहायचा असतो, कारण प्रत्येक नळीची झीज वेगळी. आमची चार नंबरची तोफ जुनी, तिचा गोळा थोडा कमीच जायचा. सहा तोफा, सहा कागद, प्रत्येकावर ओळीने लक्ष्य, वेळ, चार्ज, दिशा, उंची. टॉर्चला लाल फडकं गुंडाळून आम्ही दोघं टी.ए. लिहीत होतो. मी काढलेलं त्याने तपासायचं, त्याने काढलेलं मी. दोघांचं जुळलं तरच जी.पी.ओ. (गन पोझिशन ऑफिसर) साहेबांकडे. ते चोवीस वर्षांचे लेफ्टनंट. तेही पुन्हा पाहायचे. आणि लक्ष्य कितीही दूर असलं तरी मध्ये येणाऱ्या डोंगराच्या माथ्यावरून गोळा पलीकडे जातो की नाही, ते वेगळं काढायचं.

त्या रात्री मी बाहेर आलोच नाही. कमांड पोस्ट म्हणजे दगडांची भिंत, वर पत्रा, वर पोती. जमीन सतत हलत होती, बोर्डावरची पेन्सिल घरंगळायची, म्हणून मी ती कानावर ठेवायला लागलो. शंभरावर तोफा एकाच डोंगरावर चालल्या होत्या. आपली कुठली, दुसऱ्याची कुठली, कळत नव्हतं. १३ जूनला २ राजपुताना रायफल्सने तोलोलिंग घेतला. रेडिओवर बातमी आली तेव्हा आमच्या दोन तोफचींनी एकमेकांना मिठी मारली आणि तशीच उभी राहून झोपली. हे शब्दशः खरं आहे.

मला जे सांगायचं आहे ते त्यानंतरच्या आठवड्यातलं. कुठली पलटण, कुठली धार, ते लिहीत नाही. त्यातली माणसं हयात आहेत आणि काहींच्या घरच्यांना ते वाचणं सोसणार नाही.

रात्रीचा पहिला प्रहर उलटला होता. प्रोग्रामप्रमाणे फायर चालू होता. ओ.पी. साहेबांचा आवाज मी ओळखत होतो. चढताना ते दोन शब्दांमध्ये श्वास घ्यायचे. अचानक रेडिओवर आवाज आला: “चेक फायरिंग. चेक फायरिंग.” याचा अर्थ सगळं जागच्या जागी थांबवा. तोफेत गोळा असला तरी सोडायचा नाही. मग हळू आवाजात, “गोळे आमच्यात पडताहेत.”

मला आबा दिसले, सुपारी कातरताना.

त्यापुढे काय करायचं ते ठरलेलं असतं आणि हात ते आपोआप करतात. जी.पी.ओ. साहेब ओरडले, सगळ्या तोफांचं रीडिंग. प्रत्येक नंबर वनने, म्हणजे तोफेवरच्या प्रमुखाने, आपल्या साइटवर (नेम लावायच्या यंत्रावर) प्रत्यक्ष जे लागलेलं आहे ते वाचून दाखवायचं. काय हुकूम मिळाला होता ते नाही. मी कागदाशी ताडून पाहत होतो. एक नंबर बरोबर. दोन बरोबर. तीन बरोबर. चारला मी पुन्हा वाचायला लावलं, कारण नळी जुनी आणि तिचा आकडा वेगळा. बरोबर. पाच, सहा बरोबर. तोपर्यंत दुसऱ्या टी.ए.ने माझं गणित पहिल्या ओळीपासून पुन्हा मांडलं होतं. चार्जचं तापमान तासापूर्वीचं धरलं होतं का? नाही, ताजं होतं. तोफांवर काढून ठेवलेल्या दारूच्या पिशव्या मोजल्या. कुणी चुकीचा चार्ज लावला असता तर पिशव्यांचा हिशेब चुकला असता. चुकला नाही. साहेबांनी स्वतः डायरेक्टरवर, म्हणजे दिशा मोजायच्या यंत्रावर, जाऊन दिशा पाहिली.

सगळं बरोबर होतं, आणि तरीही माझ्या पोटात गोळा होता, कारण सगळं बरोबर असूनही चूक होऊ शकते. एखाद्या गोळ्याची दारू कमी जळते. वारा फिरतो.

मग ओ.पी.चा आवाज आला. “अजून दोन पडले.”

आमच्या सहाही तोफा बंद होत्या. बाजूच्या बॅटऱ्याही थांबवल्या होत्या. म्हणजे ते गोळे पलीकडचे होते. आमचा मारा चालू असतानाच शत्रू आमच्या चढणाऱ्या माणसांवर गोळे टाकतो. त्यांना वाटतं आपलेच कमी पडताहेत, आणि मारा थांबतो. ही युक्ती जुनी आहे, आम्हाला ती शिकवलेली होती.

आणि मला हायसं वाटलं. आपल्या पोरांवर गोळे पडत होते आणि मला हायसं वाटलं, कारण ते माझे नव्हते. ती भावना मी कुणालाच सांगितली नाही, पुढे बरीच वर्षं.

ओ.पी. साहेब म्हणाले, “रिपीट.” आमच्याकडे हा शब्द एकाच कामाला वापरतात: तोच मारा पुन्हा करा. म्हणूनच तोफखान्याचा माणूस रेडिओवर ऐकू आलं नाही तरी ‘रिपीट’ म्हणत नाही, ‘से अगेन’ म्हणतो. सहा तोफा पुन्हा सुरू झाल्या. मी लॉगमध्ये वेळ लिहिली. चेक फायरिंगपासून रिपीटपर्यंत चार मिनिटं.

दोन दिवसांनी त्या पलटणीची एक कंपनी आमच्या शेजारून खाली गेली. आम्ही रस्त्याला उभे राहिलो. लंगरवाल्याने मोठ्या पातेल्यात चहा केला होता. ओठ फुटलेले, डोळे खोल, काहींच्या हाताला पट्ट्या. कुणी फार बोललं नाही. एका जवानाने चहा घेतला, तोफेच्या नळीवर हात ठेवला, गरम आहे का बघितल्यासारखं केलं आणि पुढे गेला. त्या चार मिनिटांत वर काय झालं, हे त्यांच्यातल्या कुणालाही विचारायचं धाडस मला झालं नाही. मारा चालू राहिला असता तर वरची मशीनगन दबून राहिली असती. थांबला तेवढा वेळ ती मोकळी होती. हे गणित कुठल्या टेबलात नाही.

पुढे जुलैच्या चौथ्या तारखेला टायगर हिल घेतला गेला. युद्ध संपल्यावर वाचलं की त्या दिवशी नऊ हजार गोळे टाकले होते, आणि सगळ्या युद्धात मिळून अडीच लाखांवर. त्यांतले आमच्या बॅटरीचे मला आमच्या लॉगमुळे माहीत होते. २०२२ मध्ये तोफखान्याच्या मानार्थ पॉइंट ५१४० या शिखराला ‘गन हिल’ नाव दिलं, तेव्हा जुन्या साथीदारांचे दिवसभर फोन येत होते. त्या चोवीस वर्षांच्या साहेबांचाही आला. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो चार नंबरच्या तोफेवरच्या पोरांची खबर.

मी सुट्टीवर घरी आलो तो ऑक्टोबरमध्ये, दसऱ्याच्या सुमारास. आबांनी गावकऱ्यांसमोर काही विचारलं नाही. सगळे गेल्यावर, जेवणाच्या आधी, ओसरीवर बसलो होतो. त्यांनी विचारलं, “कुठला गोळा कमी पडला न्हाई ना?”

मी त्यांना ती रात्र सांगितली. चेक फायरिंग, सहा रीडिंगं, पिशव्या, दोन पडलेले गोळे. आणि चार मिनिटं. हायसं वाटल्याचं मात्र तेव्हाही सांगितलं नाही.

“सगळं परत तपासलंस?”

“व्हय. दोघांनी. मग साहेबांनी.”

“आन् तवर तोफा बंद?”

“बंद. चार मिनिटं. आबा, त्या चार मिनिटांत वरच्या पोरांना…”

त्यांनी हात वर केला. आतून आईने ताटं घेतल्याचा आवाज आला. ते उठले, धोतराचा सोगा सावरला आणि दारात थांबून म्हणाले, “एकाहत्तरला कुणी थांबलं आसतं चार मिनटं, तर आम्ही तितंच पडून ऱ्हायलो आसतो. चल, जेवून घे.”